लीगमध्ये खेळाडू जखमी झाला तर: आयोजक, संघमालक आणि घरच्यांसाठी

कापसाची वेचणी आटोपत आली आणि चण्याला घाटे धरले की समुद्रपूर तालुक्यात गावोगावी मैदानं आखली जातात. जाम, कांढळी, गिरड, नंदोरी. कुठे टेनिस बॉलची प्रीमियर लीग, कुठे दिवस-रात्र कबड्डीचे खुले सामने. पत्रकावर पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मालिकावीर, प्रवेश फी आणि पाहुण्यांची लांबलचक रांग असते. खेळाडूला काही झालं तर काय, याबद्दल मात्र तळाशी बारीक अक्षरात एवढंच असतं: "दुखापतीस मंडळ जबाबदार राहणार नाही."

मग दर हंगामात तेच प्रश्न येतात. डोक्याला बॉल लागला पण पोरगा चालत घरी गेला, आता दवाखान्यात न्यायचं का? खेळताना लागलं असं सांगितलं तर पोलीस केस होते का? लिलावात घेतलेला गडी पहिल्याच सामन्यात पाय मोडून बसला, त्याच्या जागी दुसरा घेता येतो का? आणि देव न करो, गडी गेलाच, तर मंडळाच्या पोरांना अटक होते का, घरच्यांना काही मिळतं का?

उत्तरं पुढे क्रमाने दिली आहेत. पैशाचे आणि कायद्याचे बहुतेक निकाल पहिल्या काही तासांत तयार झालेल्या कागदांवर लागतात, हे मात्र आधीच ध्यानात घ्या.

मैदानावर: आधी काय करायचं, काय नाही

धक्का न लागता कोसळलेला खेळाडू. नोव्हेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे स्टेडियमवर एका सलामीच्या फलंदाजाने छाती आणि हात दुखत असल्याचं पंचांना सांगितलं, बाहेर जायची परवानगी घेतली आणि सीमारेषेपर्यंत पोचण्याआधीच तो कोसळला. वय अवघं पस्तीस. छाती, डावा हात, जबडा किंवा खांदा दुखतोय, दरदरून घाम सुटलाय असं कोणी म्हणालं, की त्याला तिथेच बसवा. "एक ओव्हर काढ, मग जा" म्हणू नका. एकट्याला चालत पाठवू नका.

कोसळलेला माणूस हाक मारून, खांदा हलवून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर त्याचं हृदय बंद पडलंय असं समजूनच कामाला लागा:

- एकाने १०८ ला फोन लावायचा. गावाचं नाव, मैदान कुठल्या रस्त्याला, कुठल्या फाट्यावरून आत यायचं, हे सांगायचं.
- दुसऱ्याने मोटारसायकल काढून त्या फाट्यावर उभं राहायचं. रात्रीच्या वेळी गाडी पांदणीत शिरली तर मोलाची मिनिटं जातात.
- तिसऱ्याने खेळाडूला कडक जमिनीवर उताणा झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाब द्यायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतका जोर. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. डॉक्टर येईपर्यंत थांबू नका.

तोंडात पाणी ओतू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. भोवती पन्नास माणसांचं कडं आणि प्रत्येकाच्या हातात चित्रीकरण करणारा मोबाइल, हे दृश्य थांबवण्याची जबाबदारी निवेदकाची. माइक त्याच्याच हातात असतो.

डोक्याला लागलेलं. सगळ्यात जास्त फसवणारी दुखापत हीच. भारताचा कसोटीपटू रमण लांबा २० फेब्रुवारी १९९८ ला ढाक्यात क्लबचा सामना खेळताना हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी पुढ्यात क्षेत्ररक्षण करत होता. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी तंबूत गेला. थोड्या वेळाने बेशुद्ध पडला आणि २३ फेब्रुवारीला गेला. कवटीच्या आत रक्त साठायला वेळ लागतो, आणि तोवर माणूस धडधाकट दिसू शकतो.

म्हणून डोक्याला जोराचा मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, हा नियमच करा. "काई होत नाई बे, खेळ" म्हणणारा प्रत्येक संघात एक असतो. त्याचं ऐकू नका. पुढचे २४ ते ४८ तास त्याला एकटं ठेवू नका. दारू नाही, गाडी चालवणं नाही. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बडबड, झटका, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

मान आणि पोट. कबड्डीत पकड करताना खेळाडू डोक्यावर आपटला आणि मान दुखते, हातापायांना मुंग्या येतात म्हणाला, तर त्याला उचलू नका, बसवू नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहा. ढोपर पोटात किंवा छातीत बसलं असेल तर वरून जखम दिसत नाही. जुलै २०२२ मध्ये तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात एक तरुण चढाईपटू असाच छातीवर भार आल्यावर उठू लागला आणि तिथेच कोसळून मेला. पोट ताठर झालं, डावा खांदा विनाकारण दुखू लागला, चेहरा पांढरा पडला, तर प्लीहा फाटून आत रक्तस्राव चालू असण्याची शक्यता असते. अशा वेळी काहीही खायला-प्यायला देऊ नका.

हाड, गुडघा, डोळा. मोडलेला भाग जसा आहे तसाच फळीला बांधा. ओढून सरळ करू नका, मालिश तर नकोच. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते योग्यच आहे, पण मोडलेल्या नडगीवर तिचा लेप लावून आठ दिवस घरी बसण्यासाठी ते मिळालेलं नाही. डोळ्याला बॉल लागला तर चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका, नेत्रविभाग असलेलं रुग्णालय त्याच दिवशी गाठा.

उन्हाळी सामने. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारी सामना ठेवणं हाच मुळात चुकीचा निर्णय. तरी कोणी उन्हाने बरळायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर आधी गार पाणी ओतून, मानेला-काखेत बर्फ लावून अंग थंड करा आणि तसं करत करतच गाडीत घाला.

मैदान आखतानाच काही गोष्टी पाहून घ्या. एका मैदानात एका वेळी दोन सामने लावू नका. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या दडकर मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू कानामागे लागून ५२ वर्षांचा खेळाडू गेला. तो स्वतःच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करत उभा होता. बांबू-फळ्यांची गॅलरी बांधत असाल तर मार्च २०२१ मधलं तेलंगणातलं सूर्यापेट आठवा. राष्ट्रीय कुमार कबड्डी स्पर्धेतच गॅलरी कोसळली आणि शंभरावर माणसं जखमी झाली. रात्रीच्या दिव्यांसाठी तारेवर आकडा टाकू नका, तात्पुरती जोडणी रीतसर घ्या. आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, त्या बुजवून, पाणी मारून, रोलर फिरवूनच मैदान घ्या. घोटे तिथेच मुरगळतात.

दवाखान्यात: कुठे न्यायचं आणि काय सांगायचं

साधी जखम, टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन यांसाठी समुद्रपूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय पुरेसं आहे. डोकं, मान, पोट किंवा उघड्या हाडाची दुखापत असेल तर जवळच्या रुग्णालयात प्रकृती सावरून घ्यायची आणि लगेच पुढे निघायचं: सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय, नाहीतर जामवरून महामार्गाने नागपूर. "आधी अमक्याच्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवू" या नादात वेळ घालवू नका. आणीबाणीच्या रुग्णाला आधी उपचार, सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यातच सांगून ठेवलंय. सरकारी असो की खासगी, डॉक्टरने पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही असा कुठलाही नियम नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. मैदानावरून आलेली चार पोरं केसपेपर काढणाऱ्याला सांगतात, "घरी पायरीवरून पडला." कारण काय, तर पोलिसांची कटकट नको, मंडळाचं नाव यायला नको. महिन्याभराने घरचे विम्याचा अर्ज घेऊन जातात तेव्हा गाव म्हणतं सामन्यात लागलं, कागद म्हणतो घरी पडला. दावा तिथेच अडतो. शिवाय डॉक्टरलाही चुकीची माहिती मिळते. पायरीवरून घसरणं आणि पाच गड्यांखाली दबणं, यांत पोटाच्या दुखापतीचा संशय सारखा नसतो.

खरं तेच सांगा आणि ते कागदावर आलंय का, ते तिथेच वाचून पाहा:

- तारीख, अंदाजे वेळ, गाव आणि मैदान
- "कबड्डी/क्रिकेटचा सामना खेळताना" हे शब्द
- मार कशाचा: चेंडू, ढोपर, टक्कर, खांब
- एमएलसी नोंद केली असेल तर तिचा क्रमांक

एमएलसी म्हणजे रुग्णालयाने पोलिसांना दिलेली खबर. ती झाली म्हणजे कोणावर गुन्हा दाखल झाला असं नव्हे. उलट पुढे हाच कागद घरच्यांच्या कामी येतो.

उपचाराचा खर्च

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि आता ते राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आहे, फक्त पिवळ्या-केशरीवाल्यांना नाही. पण तीन गोष्टी पक्क्या करा. रुग्णालय योजनेत असलं पाहिजे. उपचार यादीत असला पाहिजे. आणि भरती होतानाच रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटलं पाहिजे. आधी पैसे भरून नंतर परत मागण्याची ही योजना नाही. रात्री भरती केलं आणि शिधापत्रिका घरी राहिली, तरी आरोग्यमित्राला तसं सांगून ठेवा. कागद मागाहून देता येतात. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

विमा आणि अनुदान: कोणाला काय लागू

घरातल्या कोणाचं काय निघतं, हे एका बैठकीत पाहून घ्या. बहुतेकांना आपल्या खात्यातून वर्षाला वीस रुपये जातात हेच ठाऊक नसतं.

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वय १८ ते ७०, हप्ता वर्षाला २० रुपये, काळ १ जून ते ३१ मे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. मार बाहेरून लागलेला हवा. मैदानावर हृदयविकाराने मृत्यू झाला तर ही योजना लागू होत नाही. दाव्याचा अर्ज बँकेच्या शाखेत ३० दिवसांच्या आत देऊन टाका.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. वय १८ ते ५०, हप्ता ४३६ रुपये, मृत्यूचं कारण कोणतंही असो, २ लाख. हृदयविकाराला हीच कामी येते. नव्याने घेतली असेल तर पहिले ३० दिवस अपघाताशिवाय दुसऱ्या कारणाने झालेला मृत्यू धरत नाहीत, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी घेऊन भागत नाही.
- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण, वय १० ते ७५. मृत्यूला २ लाख. दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक झाल्यास १ लाख. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, निर्णय तहसीलदारांच्या समितीचा. खाचखळगा असा की न बसणाऱ्या कारणांच्या यादीत "शरीरांतर्गत रक्तस्राव" आहे. म्हणून शवविच्छेदन अहवालात नुसतं "आत रक्तस्राव" एवढंच येऊन चालत नाही. तो मार लागल्यामुळे झाला, हे आलं पाहिजे. पुन्हा केसपेपरवरच्या त्या ओळीवरच गाडी येते.
- राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना. पहिली ते बारावीचे विद्यार्थी. २०२२ मध्ये वाढवलेल्या रकमांनुसार अपघाती मृत्यूला दीड लाख, आणि क्रीडा स्पर्धेत खेळताना जखमी झाल्यास रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त १ लाख. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत. पालकांना ही योजना सांगतच नाही कोणी, तुम्ही विचारा.

एकाच अपघाताला दोन सरकारी अनुदानं मिळतील असं गृहीत धरू नका. अर्ज करण्याआधी कृषी सहायकाला विचारा. बँकेचा विमा हा खातेदाराने हप्ता भरलेला करार आहे, तो या हिशेबात मोडत नाही.

मंडळाला स्वतः काही करायचं असेल तर दोन मार्ग आहेत. स्वस्तातला असा: नोंदणीच्या वेळी प्रत्येक खेळाडूकडून पासबुकातल्या वीस रुपयांच्या नोंदीचा फोटो घ्या, नसेल तर बँकेत पाठवा. दुसरा मार्ग म्हणजे स्पर्धेपुरता गट व्यक्तिगत अपघात विमा. दहीहंडीच्या गोविंदांसाठी २०२३ मध्ये राज्य सरकारने ५० हजार जणांचा विमा माणशी ७५ रुपयांत उतरवला होता. कबड्डी-क्रिकेटच्या गावठी लीगला असं सरकारी छत्र नाही, पण विमा कंपन्यांच्या वर्धा-नागपूरच्या शाखांत गट विम्याची चौकशी करता येते. तिथे एक प्रश्न लेखी विचाराच: लिलावात बोली लागून पैसे घेणारा खेळाडू तुम्ही "व्यावसायिक" धरता का? पुष्कळ पॉलिसींत व्यावसायिक खेळ वगळलेला असतो, आणि अकरा हजारांची बोली मग पोराच्याच मुळावर येते.

मृत्यू झाला तर

पहिल्या दिवशी घरच्यांना काही सुचत नाही. म्हणून मंडळातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने, किंवा गावच्या पोलीस पाटलाने, एवढं बघावं.

शवविच्छेदन टाळू नका. "फाडाफाडी नको" असं म्हणून देह परस्पर घरी नेला जातो, आणि तिथेच विम्याची, अनुदानाची आणि संशय दूर होण्याची वाट बंद होते. जिथे घटना घडली त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात, म्हणजे समुद्रपूर किंवा गिरड, कळवा. पोलीस मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करतात आणि पंचांसमक्ष पंचनामा करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालची ही चौकशी आहे. ती कोणाला आरोपी ठरवत नाही, मृत्यू कशाने झाला एवढंच शोधते.

पंचनामा ऐकून घ्या. सही करणाऱ्या पंचांनी तो वाचून दाखवायला सांगावं. मार कुठे लागला, किती वाजता, कोण हजर होतं, हे बरोबर आहे का पाहावं. सामन्याचं चित्रीकरण असेल तर पुसू नका, पुढेही पाठवत बसू नका. प्रत पोलिसांना द्या.

व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर शवविच्छेदन अहवालात मृत्यूच्या कारणापुढे "अभिप्राय राखून" असं येतं आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागू शकतात. तोवर हातावर हात धरून बसू नका. मुदतीत अर्ज द्या, अंतिम अहवाल मागाहून जोडू असं लेखी कळवा, पोच घ्या.

मृत्यूचा दाखला मृत्यू जिथे झाला तिथे मिळतो, माणूस जिथला आहे तिथे नाही. पोरगा समुद्रपूरच्या मैदानावर पडला पण नागपूरच्या रुग्णालयात गेला, तर दाखला नागपूरचा. ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. नोंद २१ दिवसांत होते. नाव, आधार, पत्ता यांत चूक नाही ना, हे तेव्हाच तपासा.

सांभाळून ठेवायचे कागद: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिलं, एमएलसी आणि मर्ग क्रमांक, पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदन अहवाल, स्पर्धेचं पत्रक, संघाची यादी, त्या दिवसाचं गुणपत्रक. गुणपत्रक फेकून देतात लोक. पण पोरगा त्या वेळी मैदानात होता, याचा पंचांच्या सहीचा तेवढाच पुरावा असतो.

वर्गणी. गाव मदतीला धावतं, ही आपल्याकडची चांगली गोष्ट. पैसे मात्र पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या खात्यातच जाऊ द्या. मंडळाच्या पोराच्या मोबाइलवर जमा झालेली रक्कम कितीही प्रामाणिकपणे दिली तरी चार महिन्यांनी भांडण होतं.

गुन्हा दाखल होतो का?

नियमात राहून खेळताना समोरच्याला लागलं, तर तो गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २५, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं ८७, हेच सांगतं. दोघं करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायला राजी झाले आणि लबाडी न करता खेळताना एकाने दुसऱ्याला इजा केली तर अपराध होत नाही, असं उदाहरणच कायद्यात दिलंय. अट अशी की संमती देणारा १८ वर्षांवरचा हवा, जीव घेण्याचा किंवा जबर दुखापतीचा हेतू नको आणि तसं होईल याची जाणीवही नको. शिट्टी वाजल्यावर मारलेली लाथ, भांडणात घातलेली बॅट, यांना हे कवच नाही.

आयोजकांचा प्रश्न वेगळा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, गुन्हा जामीनपात्र. पण त्यासाठी नुसतं स्पर्धा भरवणं पुरत नाही, निष्काळजीपणा दिसावा लागतो: उघडी विजेची तार, मोडकी गॅलरी, डोक्याला लागलेल्याला बळेच पुन्हा उतरवणं. नगर पंचायतीची किंवा ग्रामपंचायतीची मैदानाची परवानगी, पोलिसांची परवानगी, रुग्णालयाला आधी दिलेलं पत्र, हे कागद तुमच्याजवळ असले तर तुमची बाजू उभी राहते.

मग तळाची ती ओळ, "मंडळ जबाबदार राहणार नाही"? खेळात अंगभूत असलेला धोका खेळाडूने पत्करलाय, एवढंच ती सांगते. मंडळाचा निष्काळजीपणा त्यामुळे धुऊन निघत नाही. खेळाडू अठराच्या आतला असेल तर त्याच्या सहीला कराराची किंमतही नाही. पालकांची संमती घ्या आणि शक्यतो लहान पोरांना खुल्या गटात खेळवूच नका. साठ किलोच्या पोरावर ऐंशी किलोचे तीन गडी पडणार असतील तर संमतीपत्राने बरगडी वाचत नाही.

दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने माणूस गेला तर घरच्यांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही.

लीगची नियमावली: लिलावाआधी लिहा

इंग्लंडमध्ये १९८६ साली निघालेला "ब्लड बोल" नावाचा एक पटावरचा खेळ आहे. फाशांवर खेळली जाणारी काल्पनिक फुटबॉल लीग. त्यात खेळाडू जखमी होतात, मरतातही, आणि त्याचे नियम पुस्तकातच आहेत: कोण पुढच्या सामन्याला मुकणार, वैद्याला कधी बोलावता येणार, संघात अकरा उरले नाहीत तर उसना खेळाडू कसा मिळणार. प्लास्टिकच्या बाहुल्यांसाठी एवढा विचार झालाय. आपल्या लीगमध्ये हाडामांसाची पोरं असतात आणि वाद सामना चालू असताना, माइकवर, शिव्यांसकट सोडवले जातात.

संघमालकांना एकत्र बसवून हे ठरवा आणि सह्या घ्या:

- डोक्याचा मार: बदली खेळाडू लगेच, सामन्यातच, फलंदाजी-गोलंदाजीसह. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने हा नियम ऑगस्ट २०१९ पासून आणलाय. बदली मिळत नसेल तर कप्तान जखमी गड्याला उतरवतोच. मारकुट्या फलंदाजाच्या जागी साधारण तसाच, गोलंदाजाच्या जागी गोलंदाज, एवढं पाहिलं की लबाडी होत नाही.
- इतर दुखापती: त्या सामन्यात फक्त क्षेत्ररक्षणासाठी बदली. लीगभर बाहेर असेल तर डॉक्टरची चिठ्ठी पाहून, लिलावात न विकल्या गेलेल्यांमधून, मूळ बोलीपेक्षा जास्त रक्कम न देता दुसरा.
- जखमीचे पैसे: बोलीची रक्कम पूर्ण द्यायची, सामने कमी खेळला म्हणून कापायची नाही. यावर संघमालक कुरकुरतील. ठाम राहा, पैसे बुडतील या भीतीने पोरं दुखापत लपवतात.
- परत येणं: डोक्याला लागलेला खेळाडू डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा नाही, अंतिम सामना असला तरी. आधी चालणं, मग पळणं, मग सराव, मग सामना, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास झाला की मागची पायरी.
- सामना थांबवण्याचा अधिकार: पंचांचा. प्रमुख पाहुण्यांचा नाही, प्रायोजकाचा तर नाहीच.
- खेळाडूचा मृत्यू: त्या दिवसाचे उरलेले सामने रद्द. पुढे खेळायचं की नाही, हे घरच्यांना विचारून मंडळ ठरवेल, तेराव्याच्या आत अंतिम सामना नाही. त्या संघाला बदली खेळाडू मिळेल, गुण कापले जाणार नाहीत. मृत खेळाडूची बोलीची पूर्ण रक्कम आणि तोवर मिळवलेली बक्षिसं आठ दिवसांत वारसाच्या खात्यात, पोचपावतीसह. संघमालकाने दिली नाही तर मंडळ त्याच्या अनामतीतून देईल. म्हणून लिलावाला बसण्याआधी प्रत्येक मालकाकडून अनामत घ्या.